मेल्याला आपली भीती वाटली पाहिजे

कौलारू घरात वाढलेल्या माणसाला कांडेचोर काय असतो ते सांगावं लागत नाही. रात्री दीड-दोनला माळ्यावर धडधड सुरू होते, मुंबईचा पाहुणा दचकून उठून बसतो आणि घरातलं माणूस कूस बदलत म्हणतं, काय नाय, कांडेचोर हा. पुस्तकात ह्याला उदमांजर म्हणतात. नावात मांजर असलं तरी कुळ वेगळं. अंग लांबट, शेपूट जवळजवळ अंगाएवढी, पूर्ण वाढलेला दोनपासून पाच किलोपर्यंत भरतो, आणि डोळ्यांभोवती असा काळा पट्टा की चोराने फडकं बांधलंय. आंबे, चिकू, पपया, काजूचे बोंडू, पिकून पडलेला फणस, माडाला लावलेल्या मडक्यातली माडी, काहीही चालतं त्याला. इंग्रजांनी टॉडी कॅट म्हटलं ते ह्या माडीवरूनच. वर उंदीर, गोगलगायी, किडे, सरडे, अंडी, आणि कधीतरी एखादी कोंबडी. त्या एका कोंबडीपायी वर्षभराच्या सगळ्या चोऱ्या त्याच्या नावावर जमा होतात, मग त्यातल्या निम्म्या माकडांनी केलेल्या का असेनात.

तर अशा एका कांडेचोराचं पिल्लू चैत्रात आमच्याकडे आलं आणि पितृपक्षात गेलं. आमचं घर वेंगुर्ले तालुक्यात आहे. मधल्या महिन्यांत मी त्याला वाढवलं असं लोक म्हणतात, पण खरं सांगायचं तर वाढायचं काम त्याचं त्याने केलं, दूध आणि ऊब मिळाली की पिल्लं वाढतातच. माझी सगळी शक्ती गेली ती त्याला आपल्यापासून लांब ठेवण्यात. माणसाची भीती ही ह्या प्राण्याकडची सगळ्यात मोलाची गोष्ट आहे असं माझं आता ठाम मत झालंय, आणि हाताने दूध पाजायला घेतलं की नेमकी तीच पहिल्यांदा झिजायला लागते.

झालं असं की पावसाच्या आधी घर शाकारायला माणसं आली होती, कौलं काढता काढता माळ्याच्या कोपऱ्यात सुंभाच्या आणि जुन्या गोणपाटाच्या ढिगात दोन पिल्लं दिसली. डोळे नुकते उघडलेले, म्हणजे दोन आठवड्यांच्या आसपासची असणार, कारण ह्यांचे डोळे अकराव्या-बाराव्या दिवशी उघडतात. अशा वेळी पहिलं काम म्हणजे उचलून घरात न आणणं. आई दिवसा कुठेतरी दडून असते आणि रात्री येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते, तेव्हा कामगारांना त्या बाजूचं काम थांबवायला सांगितलं, पिल्लं टोपलीत घालून तिथेच माळ्यावर ठेवली, खाली गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली आणि सगळे लांब गेलो. सोबत १९२६ वर फोन केला, तो वनविभागाचा हेल्पलाइन नंबर आहे, आणि हे मी सगळ्यांना सांगत असते की आधी फोन करा, मग दूध शोधा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा प्राणी येतो, तुमच्या माळ्यावर जन्मला म्हणून तुमचा होत नाही. दुसऱ्या दिवशी वनरक्षक आले, त्यांनीही तेच सांगितलं, अजून वाट बघू. आई काही आली नाही. सावंतवाडीच्या रस्त्यावर वळणापाशी एक मादी गाडीखाली मेलेली दिसली होती असं कुणीतरी म्हणालं, तीच असेल असं नाही, पण मग वाट बघण्यात अर्थ राहिला नाही. पंचनामा झाला, आणि आमच्या गुरांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली पिल्लं तात्पुरती आमच्याकडे ठेवायचं ठरलं कारण मी आधी जखमी पक्षी वगैरेंचं काम त्यांच्याबरोबर केलेलं होतं आणि रेबीजची लस घेतलेली होती. त्यातलं एक पिल्लू त्याच आठवड्यात गेलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

सुरुवातीचे दिवस म्हणजे निव्वळ बाळंतिणीचं घर. पिल्लू गार असेल तर आधी ऊब, मग दूध, हा पहिला नियम, गार पोटात दूध पचत नाही. गाईचं दूध नाही, त्याने हगवण लागते, मांजराच्या पिल्लांसाठी पावडर मिळते ती कोमट पाण्यात कालवून बारीक सिरिंजने थेंब थेंब. बाळासारखं उताणं धरून पाजायचं तर अजिबात नाही, पालथं ठेवूनच, नाहीतर दूध फुप्फुसात जातं आणि न्यूमोनियाने पिल्लू मरतं, व्हॉट्सॅपवर जे गोड गोड व्हिडिओ फिरतात ना, उताण्या पिल्लाच्या तोंडात बाटली, ते बघून मला आता घाम फुटतो. प्रत्येक पाजणीनंतर ओल्या कापसाने हलकेच पुसून शी-शू करवायची कारण इतक्या लहान वयात ते आईच्या चाटण्याशिवाय होतच नाही. रोज त्याच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. काकी लांबून बघायची आणि म्हणायची, "अगो, कांडेचोर तो, तुझ्या पोटचो पोर न्हय." आणि दहा मिनिटांनी तीच विचारायची, "मेलो जेवलो काय गो?"

नाव ठेवायचं नाही असं मी घरात बजावलं होतं. नाव ठेवलं की हाक मारली जाते, हाक मारली की ते येतं, आणि हाकेला येणारा कांडेचोर जंगलात किती दिवस टिकेल हे सांगायला ज्योतिषी नको. तर काकीने नाव ठेवलं नाही, नुसतं मेलो म्हणत राहिली, आणि बघता बघता वनरक्षकसुद्धा फोनवर विचारायला लागले, "मेलो कसा आहे तुमचा?"

ह्या सगळ्यात वाचायला काय मिळतं म्हणून नेटवर शोधत बसायचे, तर हाताने वाढवलेले प्राणी परत सोडणे ह्या विषयावर सगळ्यात जास्त माहिती कशाची असेल तर इंग्लंडातल्या हेजहॉगची, म्हणजे अंगावर काटे असलेल्या छोट्या जनावराची. आपल्याकडे हेजहॉग आहेत पण ते गुजरात-राजस्थानसारख्या कोरड्या मुलखात, कोकणात काटेवाला म्हणजे फक्त साळिंदर. तिकडे लोक परसातल्या हेजहॉगसाठी जीव टाकतात. त्यांचं गणित मला फार आवडलं कारण ते सरळ आहे. थंडीत हेजहॉग शीतनिद्रेत जातो, तेवढी चरबी अंगावर हवी, म्हणून शरद ऋतूतल्या पिल्लाचं वजन साधारण साडेचारशे ग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ते बाहेर सोडत नाहीत, काहीजण सहाशेपर्यंत थांबतात. पाव आणि दूध घालू नका म्हणून ओरडून ओरडून सांगतात कारण दुधाने त्याचंही पोट बिघडतं. आणि मुख्य म्हणजे हेजहॉगची आई तशीही दीड-दोन महिन्यांत पिल्लांना वाऱ्यावर सोडते, तो एकांडा प्राणी, किडे शोधायला त्याला कुणी शिकवावं लागत नाही, घाबरला की काट्यांचा गोळा होतो, तेही उपजत. माणसाने वाढवलं तरी काटे थोडेच जातात!

आमच्या मेल्याचं तसं नव्हतं. त्याच्याकडे काटे नाहीत. धोक्याची जाणीव वेळेवर होणं, अंधारात उंच जाऊन दडणं आणि अगदीच गळ्याशी आलं तर शेपटीखालच्या ग्रंथींतून घाण वासाचा फवारा मारणं, एवढीच त्याची शस्त्रं. त्यातलं पहिलंच गेलं तर बाकीची वापरायची वेळच येत नाही. बरं तो राहतो कुठे, तर आपल्याच आसपास. त्याला खोल जंगल लागत नाही, बागा, दगडी गडगे, माळे, माड, म्हणजे जिथे जिथे आपण आहोत तिथेच तो. वाघाला आपली ओळख झाली काय नि नाही झाली काय, त्याची नि आपली गाठ रोज पडत नाही. कांडेचोराची रोज पडते. आणि आपल्यात कुत्री आहेत, डुकरासाठी लावलेल्या फासक्या आहेत, मटण म्हणून बघणारे आहेत, आणि नुसतंच काठी घेऊन धावणारे तर घरोघरी. ह्या सगळ्यांपासून त्याला वाचवणारी एकच गोष्ट, माणसाची चाहूल लागली की पळ काढणं. ती मी कशी काढून घेऊ?

आंब्याचा हंगाम संपत आला तेव्हा त्याने दूध सोडायला सुरुवात केली. पायरीचा रस पहिल्यांदा चाटला त्या दिवशी तोंड, मिशा, पुढचे पाय, सगळं केशरी. मग फणसाचा गरा, मग चिकू. मृगाचा पाऊस झाला आणि दिव्यावर वाळवीची पाखरं आली तेव्हा मी मुद्दाम त्याच्या खोलीत दिवा लावून खिडकी उघडी ठेवली, आधी तो बावरला, मग एक पाखरू नाकावर बसलं, ते खाल्लं, आणि मग जे काय सुरू झालं ते पंख आणि पिल्लू ह्यांचं वादळ होतं. शिकार त्याला कुणी शिकवली नाही. तिथून मी ठरवलं की ताटलीत खाणं बंद.

घराच्या वरच्या अंगाला, गावापासून जरा सुटा असा आमचा जुना मांगर आहे, मागे देवाची राई, खाली व्हाळ, म्हणजे ओढा. पूर्वी त्यात गवत आणि नांगर असायचे. त्याला जाळी मारून घेतली, आत कोकमाच्या आणि फणसाच्या फांद्या आडव्या-उभ्या बांधल्या, वर आढ्याला एक लाकडी खोका, त्याला मांजर जाईल एवढंच भोक. आषाढाच्या तोंडावर मेल्याला तिथे हलवलं. तिथून घरच्यांची ये-जा बंद, फक्त मी, आणि तेही संध्याकाळी एकदाच. बोलायचं नाही, फोन बंद, रोज तोच काळा रेनकोट. पावसात तो तसाही लागायचाच. घरची मांजरं आणि कुत्रा तिकडे फिरकू द्यायचे नाहीत, कारण कुत्र्यांचा डिस्टेंपर आणि मांजरांचा पार्वो हे दोन्ही आजार कांडेचोराला होऊ शकतात, आणि जंगलात सोडायच्या प्राण्याबरोबर आपण आजार सोडायचा नसतो. आजारावरून आठवलं, त्याच सुमारास गावच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला की कोरोना ह्याच्यामुळेच आला, जाळून टाका. तो सगळा घोळ २००३ च्या सार्सचा, चीनमधल्या बाजारात पिंजऱ्यातल्या मास्क्ड पाम सिव्हेट नावाच्या वेगळ्या जातीत तो विषाणू सापडला होता आणि पुढे मूळ वटवाघळांपर्यंत गेलं. मी लांबलचक उत्तर लिहिलं. त्याला दोन अंगठे आले, फॉरवर्डला चाळीस.

मांगरात खाणं शोधायला लावायचं हा सगळा खेळ. बांबूच्या पेरात किडे, दगडाखाली गोगलगायी, उंबराची फांदीच्या फांदी तोडून वर बांधायची म्हणजे फळ फांदीवर असतं हे डोक्यात बसतं. व्हाळातल्या कुर्ल्या आणल्या तर पहिल्या कुर्लीने त्याचं नाक धरलं, दुसरीच्या वेळेला त्याने आधी पाय मोडले. उंदीर द्यायचे ते पिंजऱ्यात सापडलेले, औषध घातलेले कधीच नाहीत, विष खाल्लेला उंदीर खाणाऱ्यालाही घेऊन जातो. आणि भेरलीमाड! भेरलीमाडाचे घोस मी हातात पिशव्या घालून आणायचे कारण त्या फळाचा रस कातडीला लागला की अशी खाज सुटते की विचारू नका, आणि हा मात्र मिटक्या मारत खायचा. गर पचतो, बी जशीच्या तशी बाहेर पडते. गडग्यावर, कातळावर, मुद्दाम उघड्यावर ही मंडळी आपली विष्ठा ठेवतात, बियांनी भरलेली, आणि पाऊस पडला की तिथून रोपं उठतात. आमच्या राईच्या कडेला भेरलीमाड कुणी लावले असं विचारलं तर गावात कुणी सांगू शकत नाही, मी सांगू शकते. लोकांना ह्या विष्ठेचं एवढंच माहीत की तिकडे इंडोनेशियात त्यातनं कॉफी काढतात आणि ती महाग असते. डॉक्टरसुद्धा एकदा म्हणाले, कॉफीची झाडं लावा ताई, लोन फिटेल. त्यासाठी तिकडे किती कांडेचोर लहान पिंजऱ्यात नुसत्या कॉफीच्या फळांवर ठेवतात ते त्यांना सांगितलं तेव्हा ते जरा गप्प झाले.

श्रावणाच्या सुमाराला मी आत गेले तर तो खोक्याच्या तोंडाशी बसून फिस्कारला. रोजचाच रेनकोट, रोजचीच मी. एक पाऊल पुढे टाकलं आणि फवारा आला. तो वास, देवाशप्पथ, रेनकोट दोन वेळा रिठ्याने धुऊन खळ्यात टांगला तरी कुत्रा त्याला वळसा घालून जायचा. मी डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, "अभिनंदन, पास झाला." मी हसले खरी, पण त्या रात्री जेवण गेलं नाही. ज्याला तासातासाला उठून दूध पाजलंय त्याने आपल्यावर फिस्कारावं हे मेंदूला पटतं, पोटाला नाही पटत. आणि मला वाटतं इथेच बहुतेकांचं बिनसतं. प्राणी सोडण्याबद्दल बोलताना आपण म्हणतो त्याला सवय झालीय, त्याला करमणार नाही, तो आपल्याला विसरणार नाही. त्यात त्याचं किती आणि आपलं किती? आपल्याला कुणीतरी ओळखावं, आपल्या हातून खावं, ह्याची आपल्याला फार भूक असते. ती भागवायला घरात माणसं आहेत, गाई आहेत, कुत्री-मांजरं आहेत. रानातल्या जनावराला तरी त्यातून मोकळं ठेवावं.

काही लोक भीती बसवण्यासाठी थाळ्या वाजवतात, काठी आपटतात. मला ते जमलं नाही आणि पटलंही नाही. जाळीत कोंडलेल्या जनावराला घाबरवलं तर ते पळून कुठे जाणार, नुसतं कोपऱ्यात थरथरणार, त्यातून ते पळायला शिकत नाही, कोंडलं गेलोय एवढंच शिकतं. भीती आत असतेच, आपण तिच्यावर गोडधोड चढवलं नाही म्हणजे झालं.

आणि मग गणपती आले. चाकरमानी आले. घरात तीस माणसं, आणि त्यातल्या प्रत्येकाला कांडेचोर बघायचा होता. मी नाही म्हटलं. मोठे दीर रागावले, म्हणाले सर्कस आहे काय, दोन मिनिटं लांबून बघितलं तर काय मरतो काय तो. जावेने मोदक वळता वळता ऐकवलं की आमच्याकडे बोरिवलीला बिबटे दिसतात, कुणी एवढा भाव खात नाही. मी मांगराला कुलूप घातलं. पण पुतण्या, वय वर्षं अकरा, जाळीतून केळं घालता येतं हे त्याने शोधून काढलं. आरतीच्या वेळेला सगळे टाळ वाजवत असताना हा बॅटरी घेऊन वर गेला, आणि मेलो आला की खाली! आला, हुंगलं, आणि त्याच्या हातातून केळं घेऊन खाल्लं. पुतण्याने व्हिडिओ काढला होता, तो अभिमानाने मला दाखवला. सगळे वा वा करत होते. मला रडायला येत होतं, आणि ते कुणाला समजावून सांगायचं तर गणपतीच्या दिवसात चेहरा पाडून बसल्यासारखं दिसणार.

पोराचा दोष नाही त्यात. केळं गोड असतं आणि हात त्याच्या मागे असतो, मेल्याने दोन्हीची सांगड घातली एवढंच. वनरक्षक आले तेव्हा त्यांनीच मार्ग सुचवला. केळं बंद. घरची कुठलीच फळं बंद. ज्याला माणसाच्या हाताचा वास आहे ते काहीच नको. मी हातमोजे घालून फक्त रानातलं आणायचं, आणि तेही दिवसा तो झोपलेला असताना ठेवून यायचं, म्हणजे संध्याकाळी उठल्यावर खाणं आधीपासून तिथे असतं आणि माणूस नसतो. आमची संध्याकाळची भेट तिथे संपली. त्यानंतर मी त्याला बघितलं ते वनरक्षकांच्या कॅमेऱ्यात, झाडाला बांधायचा तो छोटा कॅमेरा असतो ना, हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा, त्यात. करडे फोटो, चमकणारे डोळे, कधी नुसती शेपटी.

सोडायचं कुठे ह्यावर गावात एकमत होणं शक्यच नव्हतं. निम्म्यांचं म्हणणं, लांब नेऊन टाका, आंबोलीला नाहीतर तिलारीला, तिलारीचं जंगल २०२० मध्ये संवर्धन राखीव जाहीर झालंय, सरकारी जंगल, तिथे काय कमी. ऐकायला बरोबर वाटतं. पण अनोळखी जंगलात रात्री एखादं जनावर सोडून देणं म्हणजे त्याला ना झाडं माहीत, ना पाणी, ना दडायची जागा, आणि तिथे आधीपासून राहणारे कांडेचोर आहेतच, ते काय आरती ओवाळायला येणार नाहीत. शिवाय घाट उतरून-चढून इतक्या लांब नेलेल्या जनावराचं पुढे काय झालं हे बघायला कोण जाणार? लांब सोडलं की आपल्या डोळ्यांआड होतं, आणि डोळ्यांआड झालं की छान झालं असं म्हणता येतं. वनविभागाचं आणि डॉक्टरांचं म्हणणं पडलं की मांगरातूनच सोडू, दार उघडं ठेवून, त्याच्या त्याच्या चालीने. मांगराच्या जाळीतून त्याने महिनोन्‌महिने त्या राईचा वास घेतलाय, तिथल्या पावसाचा आवाज ऐकलाय. मला रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावरची कासवं आठवली. २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्रच्या मंडळींनी तिथे ऑलिव्ह रिडलेची घरटी राखायला सुरुवात केली, तिथे पिल्लं निघाली की टोपली उचलून थेट पाण्यात ओतत नाहीत, वाळूवर ठेवतात आणि चालू देतात. बघणाऱ्यांचा जीव वरखाली होतो, लाट येऊन उलटं पाडते, कुणालातरी वाटतंच की उचलून पुढे ठेवावं, तिथले कार्यकर्ते दोरीच्या अलीकडे थांबायला सांगतात. तेवढं चालणं त्यांचं आहे.

आता केव्हा. गणपतीत शक्य नाही, फटाके, माणसं, गाड्या. नवरात्रात पुन्हा स्पीकर. पण ह्या दोघांच्या मध्ये पितृपक्ष असतो, पंधरा दिवस गावात लग्न नाही, मुहूर्त नाही, वाजंत्री नाही, चाकरमानी परतलेले, पाऊस ओसरत आलेला, भात पोटरीतून बाहेर आलेलं त्यामुळे शेतात उंदीर आणि बेडूक भरपूर, उंबरं लागलेली. आणि शेवटी अमावास्या. कांडेचोर चांदण्याच्या लख्ख रात्री कमी हिंडतात, अंधारी रात्र त्यांची. म्हणजे सर्वपित्रीच्या आसपासचे दिवस सगळ्यात चांगले. हे घरी सांगितलं तेव्हा काकीने हातातलं सूप खाली ठेवलं.

"अमावाशेक कोण काय सोडता गो? शुभ नाय ता."

"काकी, त्याला अंधार लागतो."

"अंधार लागता म्हणान अमावाशेक? पितरां फिरतत त्या दिवशी."

मी म्हटलं पितरांनी आपल्या माळ्यावर कितीतरी कांडेचोर नांदवले, ते ह्याला काय करणार. त्यावर तिने जरा विचार केला आणि तोडगा काढला, आरवलीच्या वेतोबाला केळीचा घड बोलली. वेतोबाला केळी आणि चामड्याची पायताणं वाहतात, रात्री तो गावाच्या राखणीला फिरतो आणि पायताणं झिजतात असं आमच्याकडे मानतात, तेव्हा रात्रीच्या जनावराला राखायला त्याच्याइतका योग्य देव नाही हे मलाही पटलं. फक्त मेल्याला जी केळी बंद होती ती वेतोबाच्या नावाने घरात आली आणि मांगरापासून लांब ठेवताना माझी दमछाक झाली.

शेवटच्या तपासणीला डॉक्टर आले, वजन दोन किलोच्या वर, दात नीट, नखं धारदार, अंगावर केस दाट. त्यांच्या हातमोज्याला कडकडून चावला, ते खूश. दार उघडलं ते संध्याकाळी, आणि आम्ही सगळे खाली घरी आलो. सोडतानाचा फोटो नाही, व्हिडिओ नाही, गावच्या ग्रुपवर दाखवायला काहीच नाही, पुतण्याचा मुंबईहून फोन, "काकू, लाइव्ह करशील ना?" नाही केलं. कॅमेऱ्यात नंतर दिसलं ते एवढं की पहिल्या रात्री तो दारापर्यंत आला आणि आत गेला. मग एका रात्री दाराबाहेरच्या गडग्यावर. मग कितीतरी वेळ फोटोच नाही आणि पहाटे परत खोक्यात. आत खाणं ठेवणं चालू होतं पण कमी कमी करत, आणि ते तसंच पडून राहायला लागलं. नवरात्र बसल्यावर खोका रिकामाच दिसू लागला. एकदा फोटोत दोन कांडेचोर होते, थोडे अंतरावर, त्यातला मेलो कुठला ते डॉक्टर, वनरक्षक आणि मी, तिघांनी तीन उत्तरं दिली.

काकी वेतोबाला घड देऊन आली. मी मांगर धुतला, जाळी तशीच ठेवली, न जाणो पुढच्या शाकारणीला काय निघेल.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात व्हाळापलीकडचे काका खळ्यात येऊन उभे राहिले. चहा नको म्हणाले, म्हणजे भांडायलाच आले होते.

"तुझ्या त्या कांडेचोरान माझे पपये खाल्ल्यान."

"माझा नाही काका तो, रानातला आहे आता. आणि तोच कशावरून?"

"दुसरो खंयसून येतलो? पिकाक इल्लो तेवडोच बरोबर खाल्ल्यान, कच्च्याक हात लावक नाय."

मी विचारलं, तुम्ही बघितलात? म्हणाले बघितला तर, रात्री बॅटरी घेऊन गेलो होतो. मी विचारलं, मग काय केलं त्याने, तुमच्याकडे आला? बसून राहिला? काका माझ्याकडे असे बघायला लागले की हिला वेड लागलंय.

"येतलो कित्याक? माझी चाहूल लागली तसो असो पळालो, असो पळालो, गडग्यार पाय सुद्धा टेकलो नाय मेल्याचो."

मी आत जाऊन काकीला सांगितलं. मग त्यांना बसवून घेतलं, चहा पाजला, पपयांबद्दल दोन असोले नारळ आणि वर फराळाची पिशवी दिली. ते जरा शांत झाले, पण जाताना बजावून गेले की चिकू धरलेत, त्याला हात लागला तर ते काही ऐकून घेणार नाहीत.